मावळातील सदाहरित राने : वाटाड्याचे ज्ञान आणि वनाचा पुरावा

पदव्युत्तर वर्गाची अभ्याससहल लोणावळ्याच्या बाजूस निघाली म्हणजे वर्षावन, माकडे-वानरे, पक्षी आणि निसर्गातील नवलाच्या गोष्टी पाहावयास मिळतील, अशी अपेक्षा सहजच बाळगली जाते. ही अपेक्षा सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ती ज्या क्रमाने पुरी होईल असे वाटते, त्या क्रमाने ती बहुधा पुरी होत नाही. बोरघाटाच्या कठड्यावर बसलेली माकडे पहिल्या तासातच दिसतात. उलट रानात दिवसभर हिंडूनही प्राणी म्हणून काहीच दृष्टीस पडले नाही, असे म्हणत परतणारे विद्यार्थी कमी नसतात. जे सुलभपणे दिसते ते वनाविषयी फारसे सांगत नाही आणि जे सांगते ते सुलभपणे दिसत नाही, हे मावळातील रानाचे पहिले वैशिष्ट्य होय. या दोहोंमधील अंतर कसे ओलांडावयाचे आणि त्या कामी स्थानिक वाटाड्याच्या ज्ञानाचे मोल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाऊस आणि वर्षावन

प्रथम ‘वर्षावन’ या संज्ञेचाच विचार केला पाहिजे. उष्ण कटिबंधातील वर्षावनाची शास्त्रीय कल्पना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांनी १८९८ साली मांडली. केवळ पुष्कळ पाऊस पडतो म्हणून वन वर्षावन ठरत नाही. तो वर्षभर विभागून पडावा लागतो. या कसोटीवर मावळ मोठा चमत्कारिक ठरतो. सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. विषुववृत्तालगतच्या सिंगापुरास अथवा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील मानाउस शहरास सुमारे २,३०० ते २,४०० मिलिमीटर पाऊस मिळतो. म्हणजे पावसाच्या एकंदर मापात लोणावळा या दोन्ही स्थळांस मागे टाकतो. परंतु येथला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले सुमारे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेकडे यावे तसतसा हा कोरडा काळ वाढत जातो आणि त्याबरोबर सदाहरित वनातील वृक्षजातींची संख्या घटत जाते.

दुसरा बदल पश्चिमेकडून पूर्वेकडे होतो. लोणावळ्याहून पुणे सुमारे पासष्ट किलोमीटर दूर. परंतु तेवढ्या अंतरात वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटरांपर्यंत उतरतो. कड्यालगतचे सदाहरित रान, त्यामागील पानझडीचे रान आणि पुढे खुरटी झुडपे व गवताळ टेकड्या, असा वनस्पतींचा सारा पालट एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांसमोरून जातो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेस देहू-आळंदीकडे वाहत जाऊन भीमेस मिळते व तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. तर राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी पश्चिमेच्या समुद्रास मिळते. जलविभाजकाच्या या अरुंद माथ्यावर मावळातील सदाहरित राने उभी आहेत.

तात्पर्य, मावळातील रान हे पूर्णार्थाने वर्षावन नव्हे; वर्षावनास जवळच्या सदाहरित वनाची ती उत्तरेकडील किनार आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटचे पास्कल यांनी १९८८ साली सह्याद्रीतील सदाहरित वनांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात महाबळेश्वर-भीमाशंकर पट्ट्यातील वनास अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन वृक्षांवरून नाव दिलेले आहे. हे तिन्ही वृक्ष मावळात सहज ओळखता येतात. त्यांची जाड, चिवट पाने कोरड्या ऋतूतही झडत नाहीत. पाणी मुरून राहणाऱ्या घळी, खडकातून पाझरणारे झरे आणि कड्यावरील धुके यांच्या आधाराने हे वृक्ष आठ महिने तग धरतात. म्हणूनच येथील सदाहरित वन सलग पसरलेले नसून घळीघळींतून आणि उतारांच्या वळचणीस तुकड्यातुकड्यांनी उरलेले आहे. किनारीवरील वनाच्या अभ्यासाचे महत्त्व यातच आहे : मध्यवर्ती प्रदेशात ज्या जाती निर्वेधपणे नांदतात, त्यांच्या सहनशक्तीची परीक्षा किनारीवरच होते.

राने कोठे उरली

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तालुक्याची तीन परंपरागत खोरी. यांतील वनावर गेल्या दीड शतकात झालेले आघात सर्वश्रुत आहेत. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे तलाव बांधले गेले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. यांपैकी प्रत्येक कामाचा लाभ मोठा होता. परंतु प्रत्येकाने वनाचे सलगत्व थोडेथोडे तोडले. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर जाणाऱ्या प्राण्यास रुंद रस्ता म्हणजे न ओलांडता येणारी नदीच होय.

तरीही दोन प्रकारच्या जागी रान टिकले. पहिला प्रकार म्हणजे कुऱ्हाड पोहोचणे अवघड असे तीव्र उतार व घळी. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीस जाणारी सुमारे पंधरा किलोमीटरांची पायवाट अशा उतारांच्या माथ्यावरून जाते. श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या पायथ्याची उधेवाडी हा तिचा शेवट. दुसरा प्रकार म्हणजे देवराई. वाघजाई, भैरवनाथ, काळकाई अशा देवतांच्या नावे राखलेल्या या रायांतून लाकूडच काय, पडलेली फांदीही उचलू नये, असा दंडक अनेक गावी होता. पवन मावळातील आजिवलीची वाघजाईची राई भेरली माडांकरिता अभ्यासकांस परिचित आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे या राया म्हणजे केवळ श्रद्धास्थाने नसून मूळच्या वनाचे अखेरचे नमुने आहेत, ही गोष्ट शास्त्रीय जगतास ज्ञात झाली.

मावळच्या अभ्यासकास आणखी एक दुर्मिळ सोय लाभली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या परिसरातील वनस्पतींची सविस्तर नोंद करून तो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. एवढ्या लहान क्षेत्राची एवढी बारकाईने केलेली जुनी नोंद सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. यास्तव आज तेथे आढळणारी अथवा न आढळणारी प्रत्येक वनस्पती तुलनेस पात्र ठरते आणि सामान्य सहलीसही संशोधनाचे मोल येऊ शकते.

वाटाड्या काय जाणतो

‘वाटाड्या’ या शब्दाने केवळ वाट दाखविणारा मनुष्य सूचित होतो. वास्तविक राजमाचीची वाट नकाशावरूनही सापडेल. वाटाड्याचे खरे ज्ञान वाटेचे नसून वेळेचे आणि झाडाचे असते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर आणि कुणबी कुटुंबांतील ज्या माणसांचे हिरडा, मध, सरपण अथवा गुरे यांच्या निमित्ताने रानात येणे-जाणे असते, त्यांच्या स्मरणात एक अलिखित पंचांग असते. कोणत्या घळीतील उंबर यंदा केव्हा पिकला, कोणत्या जांभळाखाली सकाळी सालींचा सडा पडतो, कोणता झरा मार्गशीर्षात आटतो आणि कोणता वैशाखापर्यंत टिकतो, हे त्या पंचांगाचे विषय होत.

नवखा मनुष्य रानात शिरताच वर पाहू लागतो; जाणता वाटाड्या आधी खाली पाहतो. अर्धवट खाऊन टाकलेली उंबरे, कुरतडलेल्या टरफलांचे तुकडे, ओल्या मातीवरील ठसे आणि ताजी विष्ठा यांवरून वर कोण आहे अथवा होता, हे त्यास कळते. त्यानंतर तो ऐकतो. आणि सर्वांत शेवटी तो पाहतो. सदाहरित वनाच्या रचनेचा विचार केला असता हा क्रम किती युक्त आहे, हे ध्यानी येईल. पानांच्या छतामुळे तळाशी उजेड थोडा पोहोचतो व दृष्टी लवकर अडते. परंतु ध्वनी पानांआडून येतो आणि फळे गुरुत्वाकर्षणाने खालीच पडतात. अशा वनात प्राणी शोधावयाचा नसून ज्या झाडावर तो येणारच, ते झाड शोधावयाचे असते.

या पद्धतीत वड, उंबर, नांद्रुक आदी वटवर्गीय झाडांस विशेष स्थान आहे. त्यांच्या प्रत्येक जातीचे परागीकरण सामान्यतः तिच्याशी जखडलेल्या सूक्ष्म कीटकाकडून होते. तो कीटक अल्पायुषी असल्याने एका जातीची सर्व झाडे एकाच वेळी फळली तर त्याचा वंश खुंटेल. परिणामतः ही झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात आणि अन्य फळे नसतानाही रानात कोठे ना कोठे एखादे उंबर पिकलेले असते. पेरूच्या अरण्यात काम करणारे टेरबर्ग यांनी १९८६ साली अशा झाडांस वनाचे आधारस्तंभ मानले. हे मत सर्वत्र लागू आहे असे मात्र गृहीत धरता येत नाही. शेकरूच्या आहारात या फळांचे स्थान किती, हा प्रश्न रेने बोर्जेस यांनी भीमाशंकर आणि कर्नाटकातील मागोड अशा दोन वनांत मुद्दाम तपासून पाहिला व आपले निष्कर्ष १९९३ साली मांडले. सामान्य नियम स्थानिक पुराव्यावर घासून घ्यावा लागतो, हा त्यातील धडा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा.

वानर आणि माकड

मराठी बोलीत ‘वानर’ आणि ‘माकड’ हे शब्द पुष्कळदा भेदाने वापरले जातात आणि तो भेद शास्त्रदृष्ट्या अचूक आहे. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. गुलाबी अथवा तांबूस तोंडाचे, गालात अन्न साठविणारे ते माकड. मावळात दोन्ही आढळतात. वानराचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यातील सूक्ष्म जंतू पानांतील तंतुमय द्रव्य आंबवून पचनास योग्य करतात. गाय-म्हशींच्या पचनाशी या क्रियेचे साम्य आहे. त्यामुळे जून पानांवरही वानर निर्वाह करू शकतो आणि सदाहरित घळीपासून पानझडीच्या माळापर्यंत सर्वत्र वावरतो. माकडाचे जठर साधे असते. फळे, बिया, कीटक आणि कोवळे कोंब हा त्याचा आहार. फळे गालांतील पिशव्यांत भरून ते दूर जाऊन खाते व बिया टाकते. त्यामुळे वनाच्या पुनरुत्पादनास त्याचा हातभार लागतो.

दोन्ही प्राण्यांच्या बाबतीत शेपटीचे निरीक्षण उद्बोधक ठरते. वानराची शेपटी चालताना डोक्याच्या दिशेने पुढे वळते की मागे झुकते, यावरून प्राणिशास्त्रज्ञ रुणवाल यांनी उत्तरेकडील व दक्षिणेकडील असे दोन प्रकार दर्शविले आणि त्यांची सीमा स्थूलमानाने तापी-गोदावरीच्या रेषेवर दाखविली. मावळ त्या रेषेच्या दक्षिणेस येतो. माकडांमध्ये दक्षिण भारतातील टोपी माकडाची शेपटी लांब, तर उत्तरेकडील लाल माकडाची आखूड असते. लाल माकडाची हद्द दक्षिणेकडे सरकत असून त्यामुळे टोपी माकडाचे क्षेत्र आक्रसत असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणून मावळातील प्रत्येक कळपाची शेपटीवरून केलेली नोंद ही क्षुल्लक बाब मानू नये. दक्षिण सह्याद्रीतील सिंहपुच्छ माकड मात्र येथे नाही. वर्षभर फळ देणारे सलग सदाहरित वन त्यास लागते आणि मावळातील कोरडा काळ त्यास आड येतो. न आढळणारा प्राणीही वनाविषयी पुरावा देतो तो असा.

घाटरस्त्यावरील कळपांचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९६१ ते १९६३ या काळात जपानी शास्त्रज्ञ सुगियामा यांनी धारवाडच्या परिसरात वानरांचे निरीक्षण केले. बाहेरून आलेल्या नरांनी कळपाचा ताबा घेतल्यावर तेथील पिलांचा मृत्यू होतो, असे त्यांस आढळले आणि १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे सेरा हर्डी यांनी अबूच्या पहाडावरील वानरांच्या अभ्यासावरून ही नराची प्रजननविषयक नीती असल्याचे १९७७ साली प्रतिपादन केले. यावर दीर्घकाळ वाद झाला. ज्या कळपांवरून हे अनुमान काढले ते माणसाच्या सान्निध्यात व दाटीत राहणारे असल्याने त्यांचे वर्तन विकृत झालेले असावे, असा एक आक्षेप होता. वादाचा निकाल कोणत्याही बाजूने मानला तरी त्यातून निघणारा पद्धतीचा प्रश्न टिकून राहतो : रस्त्यावर दिसणारा कळप हा त्या जातीच्या स्वाभाविक जीवनाचा नमुना मानता येईल काय?

मावळापुरते याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. प्रवाशांनी टाकलेली चिक्की, मक्याची कणसे व पाव यांवर जगणारे माकड फळझाडाकडे फिरकत नाही, बिया पसरवीत नाही, वाहनाखाली येते आणि अन्न न मिळाल्यास अंगावर धावून जाते. वानराच्या जंतुयुक्त जठरास गोड व पिष्टमय अन्न अधिकच बाधक; ते झपाट्याने आंबते आणि आम्लता वाढविते. दयाबुद्धीने दिलेला घास प्राण्यास वनातून तोडतो आणि वनास प्राण्याच्या सेवेतून वंचित करतो.

शेकरू आणि पक्षी

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हा झाडाखाली क्वचितच उतरतो. या प्रदेशातील शेकरूचे वर्णन सायक्स यांनी १८३१ साली केले व त्यास एल्फिन्स्टनचे नाव दिले. उत्तरेस खेड-आंबेगाव तालुक्यांच्या सीमेवरील भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. शेकरूचे संरक्षण हा त्याच्या हेतूंपैकी एक प्रमुख हेतू होय. लोणावळा-खंडाळ्याच्या दाट रानांतही त्याची काटक्या-पानांची मोठी घरटी शोधता येतात. ज्या राईत फांद्या एकमेकींस भिडतात, तेथेच शेकरू नांदतो. त्याचे घरटे दिसले म्हणजे छत अखंड आहे, असा निष्कर्ष काढावयास हरकत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत संख्येपेक्षा संगतीकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. हिवाळ्याच्या सकाळी बराच वेळ रान निःशब्द असते आणि मग एकाएकी वीस-तीस पक्ष्यांचा मिश्र थवा डोक्यावरून सरकत जातो. त्यात खोडावर चढणारे सुतार असतात, पानांआडचे किडे टिपणारे निखार असतात आणि उडालेले किडे हवेत पकडणारा भृंगराज असतो. एकाने हुसकलेले भक्ष्य दुसऱ्यास मिळते आणि अनेक डोळ्यांमुळे शिकारी पक्ष्याची चाहूल लवकर लागते. श्रीलंकेतील सिंहराज वनात गुडेल व कोटागामा यांनी केलेल्या अभ्यासात भृंगराज इतर पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करून थवा जमवितो, असे दिसून आले. मावळातील भृंगराज याच रीतीने वागतो काय, हा एखाद्या प्रबंधिकेस पुरेल असा विषय आहे. थव्यामागे धावत सुटण्याऐवजी एका जागी थांबावे, हा वाटाड्याचा सल्ला येथेही शास्त्रसंमत ठरतो. थवा ठराविक फेरीने फिरत असल्याने तो पुनः त्याच बाजूस येण्याचा संभव असतो.

पावसाच्या तोंडाशी नवरंग पक्षी दाखल होतो. पहाटे व तिन्हीसांजेस त्याची दुहेरी शीळ ऐकू येते. ओढ्याकाठच्या कपारीतून शीळ घालणाऱ्या कस्तुराचे गाणे पावसाळ्यातच रंगते. माणसाने सहज शीळ घालावी तसे ते वाटते. दाट धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नसता या दोन पक्ष्यांची गणना केवळ कानानेच करता येते.

ऋतूंचे विशेष

एकाच सहलीत सर्व काही दिसावे ही अपेक्षा मावळात विफल होते, कारण येथील प्रत्येक नवलास स्वतःचा काळ आहे. फाल्गुन-चैत्रात अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी झाकून जातात. मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत राजमाचीच्या रानात काजव्यांचे लक्षावधी दिवे एका तालात उघडतात-मिटतात. ही नराने मादीस दिलेली खूण असल्याने विजेरीचा झोत पडताच संवाद तुटतो. भर पावसात भीमाशंकरच्या कुजत्या लाकडावर मंद हिरवट प्रकाश देणारी बुरशी वाढते. काजवा आणि बुरशी या दोहोंत रासायनिक प्रकाशनिर्मितीचे तत्त्व एकच. प्राणवायूच्या साह्याने होणाऱ्या ज्वलनरहित क्रियेतून तो प्रकाश निघतो.

पावसाळ्यातच ओल्या मातीत आणि दगडांखाली देवगांडूळ सापडते. गांडुळासारखा दिसणारा हा पाय नसलेला प्राणी वस्तुतः कणा असलेला उभयचर होय. टेलर यांनी १९६० साली ‘इंडोटायफ्लस’ ही नवी प्रजाती स्थापिली, ती खंडाळ्याच्या नमुन्यावरून. ज्या स्थळी सहलीचे डबे उघडले जातात, त्याच भूमीतून शास्त्रास अज्ञात असा एक प्राणिवंश विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पुढे आला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पाऊस ओसरताच कारवीचा बहर येतो. परंतु तो दरवर्षी नव्हे. सात वर्षे वाढून आठव्या वर्षी उतारच्या उतार एकदम फुलतात, मधमाश्यांचे मोहोळ उठते आणि बी धरून सारे झाड मरते. देवरायांत वर्षभर दिसणारी गारंबीची अजस्र वेल आणि तिच्या हातभराहून लांब शेंगा या तुलनेने स्थिर नवलांपैकी होत.

सहलीची शिस्त आणि तिचे कर्तव्य

वरील विवेचनावरून अभ्याससहलीची रीत आपोआपच ठरते. तुकडी आठ-दहांची असावी. सूर्योदयापूर्वी रानात पोहोचावे. पहिली घटका न बोलता एका झाडाखाली बसून घालवावी. प्राण्यांस अन्न देऊ नये; काजव्यांच्या काळात दिवे लावू नयेत; देवराईत गावाच्या अनुमतीवाचून शिरू नये आणि तेथील दंडक आपल्या विश्वासास पटो वा न पटो, पाळावेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुने गोळा करू नयेत. प्रत्येक नोंदीत दिनांक, वेळ, झाड आणि फळाची अवस्था असावी. केवळ ‘वानर पाहिले’ एवढी नोंद निरुपयोगी होय.

परंतु शिस्तीहून मोठे असे एक कर्तव्य आहे. वाटाड्याचे अलिखित पंचांग हे त्याच्या रानाशी असलेल्या नित्याच्या संबंधातून तयार झालेले असते. पुढील पिढी शिक्षणाकरिता व नोकरीकरिता तळेगाव-पुण्याकडे वळली, हे इष्टच झाले. त्यांनी सरपणासाठी रानात राबावे अशी अपेक्षा कोणीही करू नये. मात्र तो संबंध सुटला म्हणजे ते ज्ञानही एका पिढीत नाहीसे होते. वृक्षाची नोंद सांतापाव यांच्या ग्रंथात मिळेल. परंतु तो वृक्ष कोणत्या वर्षी उशिरा फळला आणि त्या वर्षी वानर कोणत्या घळीत उतरले, याची नोंद माणसाच्या स्मरणाखेरीज कोठेही नाही. पावसाच्या आगमनात फरक पडत असल्यास त्याचा परिणाम ओळखण्यासाठी नेमकी हीच माहिती हवी.

यास्तव दर सहलीस वाटाड्यास मजुरी देऊन मोकळे होण्याऐवजी त्यास माहिती देणारा सहकारी मानावे. त्याने सांगितलेली झाडांची स्थानिक नावे, जागा आणि काळ त्याच्याच शब्दांत टिपून, त्याच्या संमतीने व नावाने विभागात जतन करावेत आणि त्याची प्रत गावातही ठेवावी. ज्या विभागाची तुकडी दरवर्षी त्याच राईत जाते, त्या विभागास दहा वर्षांत फळधारणेचे दशकाचे पंचांग सिद्ध करणे अशक्य नाही. त्यास यंत्रसामग्री लागत नाही. सातत्य तेवढे लागते.

मावळातील सदाहरित वन मुळातच किनारीवर उभे आहे. त्याचे तुकडे लहान आहेत आणि त्यांस जाणणारी माणसे थोडी उरली आहेत. घाटाच्या कठड्यावरील माकड पाहून परतणाऱ्यास या दोहोंपैकी कशाचीच खबर लागत नाही. उंबराखाली पडलेले अर्धे फळ उचलून, ते कोणी खाल्ले, असे वाटाड्यास विचारणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र वनाची आणि त्या ज्ञानाची ओळख एकाच प्रश्नातून होते.